दादा, पाऊल उचलत नाही हा तुझा दोष नाही

प्रिय दादा,

भाजल्याच्या जखमा भरल्या, मांडीची कातडी लावलेली जागाही धरली, तरी तुझ्या उजव्या पायातली चप्पल चालताना निसटते, असं वहिनी सांगत होती. घरात कुणी म्हणतं तू खचलास, कुणी म्हणतं अंग चोरतोस. दादा, भाजलेल्यांच्या वॉर्डात फिजिओथेरपी करताना असे पाय मी पाहिलेत. तुझी नस दुखावलेली असावी.

हे छापायला देतेय, कारण आपल्या मावळात असा तू एकटा नसशील. 13 जून 2023 ला लोणावळ्याजवळ मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मिथेनॉलचा टँकर पेटला, जळतं रसायन कुणे पुलाखालच्या रस्त्यावर सांडलं, चौघे गेले. गेलेल्यांचा आकडा सगळ्यांच्या लक्षात राहतो. भाजून घरी आलेल्याच्या हातापायांची चौकशी मात्र जखम सुकली की थांबते.

आगीने नस थेट जळतेच असं नाही. खूप भाजलं की अंगाला सूज चढते आणि आतल्या आत नस दाबली जाते. घट्ट ड्रेसिंगनेही तेच होतं. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, हाडाच्या टोकावरून एक नस अगदी कातडीलगत जाते. आठवडेच्या आठवडे पाय बाहेर कलून पडला, की ती चेपते आणि पाऊल वर उचलेनासं होतं. कोपरापाशीही अशीच एक नस आहे. ती चेपली की करंगळी बधिर होते. जंतुसंसर्ग होऊन आयसीयूत फार दिवस गेले, तर दोन्ही हातापायांच्या नसा एकदम कमजोर होऊ शकतात. आधीपासून मधुमेह असला तर धोका आणखी वाढतो.

नसेचं नुसतं वरचं आवरण दबलं असेल, तर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत फरक पडतो. आतला तंतूच तुटला असेल, तर तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. गुडघ्यापासून बोटांपर्यंतचं अंतर धर, वर्ष सहज जातं. तेवढे दिवस स्प्लिंट लावायची, सांधे आखडू द्यायचे नाहीत. रात्री तळव्याची आग होते, तेही डॉक्टरांना सांग; नसेच्या दुखण्याची औषधं वेगळी असतात.

आणि यंदा लावणीला खाचरात उतरू नकोस. बधिर पायाला खडा रुतलेला कळत नाही. पावसाळी गारठ्यात पाय चुलीपाशी शेकू नकोस, पुन्हा भाजेल आणि समजणारही नाही. वहिनीने रोज रात्री तळवा उजेडात नीट पाहावा.

पुढच्या तपासणीला एनसीव्ही आणि ईएमजी या नसा-स्नायूंच्या तपासण्यांबद्दल स्वतःहून विचार. नस किती आणि कुठे दुखावलीय, ते त्यात दिसतं. व्रणाने आवळली असेल, तर शस्त्रक्रियेने मोकळी करता येते; म्हणून उशीर नको. रविवारी मी येतेय, डिस्चार्जचे कागद काढून ठेव.

तुझी,
धाकटी