मांडवीच्या धक्क्यावर

चोर्ला घाट उतरून आमची सहल जुन्या गोव्यात पोहोचली. १६०५ मध्ये उभे राहिलेले बॉम जेझस, समोरचे से कॅथेड्रल पाहिले. केवढे वैभवशाली शहर! साथींनी ते ओस पडले. १८४३ मध्ये राजधानी पणजीला गेली. दुपारी मंगेशीचे दर्शन घेतले. संध्याकाळी बोटीसाठी धक्क्यावर रांगेत उभे असताना कुणीतरी विचारले, "सर, ही नदी येते कुठून?"

"आपल्या खानापूर तालुक्यातून. तिकडची म्हादई तीच इकडची मांडवी."

सारे गप्प झालो. २०१८ मध्ये लवादाने कर्नाटकाला १३.४२ आणि गोव्याला २४ टीएमसी पाणी ठरवून दिले. तरी तंटा मिटला नाही. बोटीवरून तिचे रुंद पात्र पाहताना, गावची लेक सासरी एवढी थोर झाली म्हणून ऊर भरून आला. मात्र तिच्यावरून दोन्ही घरांनी भांडावे, याचे वाईट वाटले.