हळदीचा पुरावा

लहानपणी गुडघा फुटला, की आई जखमेवर हळद दाबून बसवी. कायदा शिकू लागल्यावर मी तिला विचारीत असे, “याला पुरावा काय?” ती नुसती हसे.

याच उपयोगावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले होते. माशेलचे सुपुत्र डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या आपल्या विज्ञान-परिषदेने त्यास आव्हान दिले. १९९७ साली ते रद्द झाले. तेथील तत्कालीन कायद्याला परदेशची वहिवाट पुरेशी नव्हती, छापील लेखच हवा होता.

हळदीतील कर्क्युमिन ऑक्सिडीकरणास आवर घालते, हे परीक्षानळीत दिसते. पोटातून रक्तात मात्र ते फारच थोडे उतरते. म्हणून हळदीला मी अमृत म्हणणार नाही. पण आईच्या मसाल्याचे प्रमाण मी कधीच लिहून घेतले नाही, आणि आता ती नाही. पुरावा मागणाऱ्यानेच तो गमावला!