मागे फिरायचं राहून गेलं

राजगड-तोरणा-रायगड ही चाल आखली ती मी एकट्यानं. १:५०,००० प्रमाणाचा नकाशा टेबलावर पसरला, त्यावर दोरा टाकला आणि दर २ सेंटिमीटरला १ किलोमीटर या हिशेबानं अंतर काढलं. वेळेसाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ सालचा ठोकताळा लावला: सपाटीवर तासाला साधारण ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जादा. वहीत आकडे नीट बसले. दोऱ्याबाहेरच्या चालीला मात्र त्या वहीत जागाच नव्हती. पाण्यासाठी सोंडेवरून खाली उतरून पुन्हा वर येणं, भलत्याच फाट्यावर गेलेला तास, वाट विचारायला वाडीपर्यंत मारलेला फेरा, यातलं काहीच मी धरलं नव्हतं. सह्याद्रीत मुख्य वाटेइतकंच हेही चालावं लागतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी ते धरलं नाही.

पहिला टप्पा सोपा गेला. राजगडाच्या संजीवनी माचीवरून, अळू दरवाज्यातून बाहेर पडून तोरण्याच्या बुधला माचीपर्यंतची वाट इतकी मळलेली आहे की चुकायला फारसा वाव नाही. त्या दिवशी सगळं वेळेत झालं आणि वहीतले आकडे खरे आहेत असं मी मनाशी पक्कं करून टाकलं. पण तोरण्याच्या पुढे सिंगापूर-मोहरी या गावांकडे निघालं की ट्रेकरांची गर्दी संपते. डिसेंबरात गवत वाळून आडवं झालेलं असतं, कारवी उभी असते आणि वाटेला फाटे फुटत जातात.

सोंडेवर गुरं राखणारा एक मुलगा भेटला. डाव्या अंगाला खाली पाणी आहे, थोडं उतरावं लागेल, असं त्यानं आपणहून सांगितलं. सोबत्यांना उतरायचं होतं. मी नको म्हणालो. सिंगापूरपर्यंत पुरेल एवढं पाणी आहे, उगाच वीस मिनिटं घालवू नका, असं मी सांगितलं आणि सगळ्यांनी ते ऐकलं, कारण वाट मी आखली होती.

पुढच्या फाट्यावर एक वाट अरुंद होती, गवतात अर्धी बुडालेली. दुसरी रुंद, गुळगुळीत, चालायला सुखाची. ती ढोरवाट होती. ढोरवाट ओळखायची खूण माझ्या डोळ्यांसमोर होती: शेणाचे पो, दोन्ही बाजूंना चरलेलं गवत, आणि उताराला बिलगून जवळजवळ एकाच उंचीवरून पुढे सरकणारी चाल. माणसाची वाट कुठेतरी पोचायला निघालेली असते, म्हणून ती खिंडीकडे चढते किंवा गावाकडे उतरते. गुरं चाऱ्यामागे जातात. चारा संपला की त्यांची वाट पाच-सहा तोंडांनी फुटते आणि विरून जाते. हे मी इतरांना कितीदा तरी समजावून सांगितलेलं होतं.

आमच्यातला एक जण नेहमी सावकाश, शेवटी चालायचा. त्यानं मागून विचारलं, "ही वाट उतरत का नाही?" मी उत्तर दिलं नाही. जवळच एक धनगर मामा बसले होते, त्यांना विचारलं, "मामा, ही वाट सिंगापूरला जाते ना?"

"जाते की," मामा म्हणाले.

आम्ही निघालो. बऱ्याच वेळानं वाट गवतात फुटली आणि समोर कडा आला. फार उंच नव्हता, पण उतरता येण्यासारखाही नव्हता. नकाशावर दोन समोच्च रेषांमध्ये २० मीटर उंचीचं अंतर असतं. त्याहून लहान कडा त्या रेषांमध्ये दिसतच नाही.

इथवर जे झालं ते कुणाचंही होऊ शकतं. यापुढे जे झालं ते माझ्या हट्टानं झालं. फाट्यापर्यंत परत जायचं, एवढंच करायचं होतं. आलेली वाट होती, दिसत होती. पण चाललेलं सगळं वाया गेलं हे मला कबूल करायचं नव्हतं. मूळ वाट इथून वरच्याच अंगाला असणार, आडवं कापत गेलो तर तिला मिळू, असं म्हणून मी सगळ्यांना कारवीत घातलं.

वाळलेली कारवी पुरुषभर उंच असते, वेताच्या काठ्या दाटीवाटीनं रोवल्यासारखी. सॅक अडकते, हातानं दोन काठ्या बाजूला केल्या की तिसरी तोंडावर येते आणि पाय कुठे पडतोय ते दिसत नाही. खाली घसारा होता. पंधरा पावलं टाकायची, थांबायचं, मागच्याला हाक द्यायची. सपाटीवर दहा-पंधरा मिनिटांत झालं असतं तेवढं अंतर कापण्यात दुपार गेली. पाणी संपलं. तो शेवटी चालणारा सोबती घसरला आणि त्याच्या गुडघ्याला मार बसला. तेव्हा कुठे मी मागे फिरू म्हणालो.

फाट्यावर आलो तेव्हा उन्हं कलली होती. मामा तिथेच होते. मी जरा चिडूनच विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "तुमी इचारलं जाते का. वाट जातेच की. आमची ढोरं घेऊन आमी जातो तिकडनं. पन फेरा पडतो, आन मधी उतार ठावं पाहिजे." माझ्या प्रश्नात मी उत्तर आधीच भरून ठेवलं होतं. "सिंगापूरला कुठनं जायचं?" एवढंच विचारलं असतं तर त्यांनी दुसऱ्या वाटेकडे हात केला असता.

मामांनी आम्हाला वाड्यावर नेलं, हंडाभर पाणी दिलं आणि अंधार पडेपर्यंत सोबत चालून वाटेला लावून दिलं. पैसे घेतले नाहीत. त्याच संध्याकाळी सिंगापूरची नाळ, म्हणजे कड्यातली उतरती घळ, उतरून पायथ्याचं कोकणातलं दापोली गाव गाठायचं, असं वहीत लिहिलं होतं. आम्ही जेमतेम सिंगापुरात पोचलो. सकाळी सोबत्याचा गुडघा सुजलेला होता. तो जीपनं वेल्ह्याकडे परतला. रायगडाला पायी जायचं त्याच्या मनात कित्येक वर्षं होतं. आम्ही बाकीचे नाळ उतरलो, काळ नदी ओलांडून रायगडावर गेलो. तो नव्हता, आणि त्याचं कारण मी होतो. त्यानं एका शब्दानंही बोल लावला नाही. ते मला अजून जड जातं.

आता फोनवर आयता ट्रॅक मिळतो, वाट चुकण्याचा प्रश्नच उरला नाही, असं नवी मुलं सांगतात. ट्रॅकचा उपयोग मीही करतो. पण तो ज्यानं नोंदवला त्याच्या चुकाही त्यात नोंदलेल्या असतात. तो पाण्याला खाली उतरला असेल, भलत्या फाट्यावर जाऊन परतला असेल, तर ती रेघही तशीच दिसते. खोल नाळेत सिग्नल भरकटतो तो वेगळाच. वाट उतरत का नाही, हे पायाखाली बघूनच ठरवावं लागतं.

हल्ली मी आखणी करताना दिवसाच्या उजेडातला निदान एक चतुर्थांश भाग कोरा सोडतो आणि पाण्याची जागा दिसली की उतरतो. तुम्ही कुणाला घेऊन डोंगरात जाणार असाल तर एवढं जरूर करा: मागून कुणी वाटेबद्दल शंका काढली तर तिथेच थांबा, त्याचं पुरतं ऐकून घ्या, आणि शेवटचा ओळखीचा फाटा गाठेपर्यंत मागे या.