जग बुडाले नाही, ते गाव

न्यूयॉर्क म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात त्या ढगांत डोके खुपसलेल्या इमारती. पण न्यूयॉर्क नावाचे एक भलेमोठे राज्यही आहे, आणि त्याच्या पूर्वेच्या कडेला, व्हरमाँटच्या शिवेजवळ, लो हॅम्प्टन नावाचे एक खेडे आहे. शेते, मेपलची झाडी, एक दुमजली लाकडी घर, जवळच एक लहानसे प्रार्थनामंदिर आणि एक उघडाबोडका, सपाट खडक. एवढेच तिथले वैभव. या खडकाला ‘स्वर्गारोहणाचा खडक’ म्हणतात. २२ ऑक्टोबर १८४४ या दिवशी येशू ख्रिस्त पुन्हा येणार, हे जग संपणार आणि भाविक सदेह स्वर्गाला जाणार, अशा विश्वासाने काही माणसे इथे वाट पाहत बसली होती, असे परंपरा सांगते. तुकोबांचे सदेह वैकुंठगमन ठाऊक असलेल्या मराठी माणसाला ही कल्पना अगदीच परकी वाटू नये. फरक इतकाच, की तुकोबा एकटे गेले. इथे गावेच्या गावे निघायच्या तयारीत होती.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत धाकट्या बहिणीकडे ऑल्बनीला गेलो असताना मी हा खडक पाहून आलो. मेव्हणे म्हणाले, “दादा, लोक इथवर येऊन नायगारा पाहतात. तुम्ही खडक कसला पाहता?” पण सव्वाशे किलोमीटर मोटार हाकली ती त्यांनीच. मेपलची तांबडी पाने निम्मी झडली होती आणि खडकावर आम्हा दोघांखेरीज चिटपाखरू नव्हते.

ते घर विल्यम मिलर नावाच्या शेतकऱ्याचे. जन्म १७८२ चा. हा कोणी गादी मांडून बसलेला बुवा असेल अशी कल्पना कराल तर फसाल. तो मोठा वाचनवेडा होता आणि तरुणपणी श्रद्धाळूंची टिंगल करणाऱ्यांत मोडत होता. १८१४ साली प्लॅट्सबर्गला इंग्रजांशी झालेल्या लढाईत तो कप्तान होता. समोर मोठे सैन्य असताना आपला पक्ष जिंकला कसा, याचे त्याला कोडे पडले. घरी परतल्यावर काही काळाने तो बायबल घेऊन बसला. सोबतीला फक्त एक शब्दसूची. वचनामागून वचन ताडत १८१८ साली तो दानीएलच्या ग्रंथातल्या २,३०० दिवसांपाशी येऊन थांबला. त्या दिवसांनंतर पवित्रस्थान शुद्ध होईल, असे तो ग्रंथ म्हणतो. मिलरने ठरवले : दिवस म्हणजे वर्ष, पवित्रस्थान म्हणजे ही पृथ्वी आणि शुद्धी म्हणजे अग्नी. आरंभ धरला इसवी सनापूर्वी ४५७ पासून, म्हणजे यरुशलेम पुन्हा उभारण्याच्या आज्ञेपासून. २,३०० मधून ४५७ वजा केले, उरले १८४३.

या वजाबाकीतच सारी मोहिनी आहे. तिला सिद्धी लागत नाही, साक्षात्कार लागत नाही. कोणाही शेतकऱ्याने चुलीपाशी बसून कोळशाने भिंतीवर मांडावी आणि स्वतः ताडून पाहावी, इतकी ती सोपी आहे. ज्याला आपण अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकतो, ती पुष्कळदा गणिताचे रूप घेऊन येते, आणि आपण स्वतः सोडवलेले गणित खोटे मानायला कोणाचे मन धजत नाही.

मिलर तेरा वर्षे जवळजवळ गप्पच होता. १८३१ साली त्याने देवाला वचन दिले, की कोणी आपण होऊन बोलावले तर जाईन. आपल्याला कोण बोलावणार, असा त्यात सुटकेचाही भाग होता. पण अर्ध्या तासात शेजारच्या ड्रेस्डनहून भाचा बोलावणे घेऊन दारात हजर! पुढे १८४० मध्ये बोस्टनच्या जोशुआ हाइम्सने वर्तमानपत्र काढले, मग तक्ते छापले, प्रचंड तंबू उभारले. दिवसही तसेच होते. १८३३ मध्ये आकाशातून उल्कांचा पाऊस पडला होता, १८३७ मध्ये बँका कोसळल्या होत्या आणि १८४३ च्या मार्चमध्ये भरदिवसाही दिसावा असा धूमकेतू उगवला. अनुयायी किती, तर पन्नास हजारांपासून एक लाखापर्यंत अंदाज आहेत.

१८४३ गेले. मग ध्यानात आले, की इसवी सनात शून्य वर्ष नसते. म्हणजे आणखी एक वर्ष हवे. १८४४ चा वसंतही गेला. त्या उन्हाळ्यात सॅम्युएल स्नो याने ज्यूंच्या सातव्या महिन्याचा दहावा दिवस, प्रायश्चित्ताचा दिवस, पकडला आणि २२ ऑक्टोबर नक्की केला. खुद्द मिलर शेवटचे दोन-अडीच आठवडे उरेपर्यंत राजी नव्हता. पण लोक त्याच्या पुढे गेले होते. कोणी दुकाने मिटली, कोणी देणी फेडली, कोणी बटाटे काढलेच नाहीत. तयार पीक जमिनीत राहू द्यायचे! शेतकऱ्याने आपल्या श्रद्धेची याहून मोठी साक्ष काय द्यावी? पांढरे झगे घालून ते वाट पाहत होते ही गोष्ट मात्र थट्टेखोरांनी पसरवलेली दिसते. विश्वसनीय पुरावा नाही.

मंगळवार उलटला. मध्यरात्र झाली. बुधवारी नेहमीसारखे उजाडले, आणि गाईंच्या धारा काढायच्या होत्या.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण पोर्ट गिब्सनचा हायरम एडसन रात्रभर रडला आणि सकाळी मक्याच्या शेतातून जाताना त्याला उमगले, की तारीख बरोबरच होती. पवित्रस्थान पृथ्वीवरचे नव्हते, स्वर्गातले होते. या धाग्यातून वाढलेला सेव्हंथ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथ १८६३ मध्ये रीतसर स्थापन झाला. आज त्याचे दोन कोटींहून अधिक अनुयायी आहेत, आणि तारीख सांगण्याच्या भानगडीत तो पडत नाही. पुण्यात औंधच्या बाजूला स्पायसरची संस्था आहे, ती याच पंथाची. म्हणजे लो हॅम्प्टनच्या त्या रात्रीचा एक धागा थेट आपल्या मुळेच्या काठी येऊन पोचला आहे.

हसण्यापूर्वी घरचे आठवावे. फेब्रुवारी १९६२ मध्ये मकर राशीत आठ ग्रह जमले, तेव्हा देशभर यज्ञ झाले, जप झाले. काहीच घडले नाही, तेव्हा पुष्कळांनी म्हटले : यज्ञांमुळेच अरिष्ट टळले! अमेरिकेतल्या अशाच एका गटात मिसळून लिऑन फेस्टिंजर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली पुस्तक लिहिले, त्याचा मथितार्थ हाच : ज्याने घरदार, नोकरी, लोकलज्जा पणाला लावली, त्याला भविष्य खोटे ठरल्यावर ते सोडणे अधिकच जड जाते.

पण मुळात पणाला लावतात ते का? मला वाटते, मरणाच्या भीतीने नव्हे. या जगाची खातेवही कधी कोणी मिटवणारच नाही, अन्याय तसाच पुढच्या पानावर ओढला जाणार, हे माणसाला सोसत नाही. कोणीतरी येऊन हिशेब चुकता करील, आणि तो आपल्या डोळ्यांदेखत, ही ती तहान आहे. तारीख म्हणजे त्या तहानेने ओंजळीत धरलेले पाणी.

मिलरने पुढे आपला हिशेब चुकल्याचे उघड मान्य केले. बाप्टिस्ट मंडळींनी त्याला १८४५ मध्ये वगळले. त्याने एका पत्रात लिहिले, की आपण आता नवी वेळ धरली आहे, ती म्हणजे ‘आज’, आणि रोजचाच आज. १८४८ मध्ये त्याने घराजवळ ते प्रार्थनामंदिर बांधले. पुढच्याच वर्षी तो वारला. मंदिरात व्यासपीठावरच्या भिंतीवर दानीएलचे एक वचन आहे. त्याचा आशय असा, की शेवट नेमलेल्या वेळी होईल. आयुष्यभर आकडेमोड केलेल्या माणसाच्या मंदिरातली ती ओळ. तिच्यात आकडा एकही नाही.