वह्या कोण वाटणार?

नव्याने रुजू झालेले शिक्षक हमखास विचारतात, ‘‘बाई, तुमचा वर्ग शांत कसा बसतो?’’ खरं तर माझा वर्ग शांत नसतोच. आमची द्विशिक्षकी शाळा. पहिली-दुसरी एकाच खोलीत. पहिलीला अक्षरं गिरवायला बसवलं की दुसरी चिंचोके मोजत असते, आणि मोजताना मुलं बोलणारच. तो आवाज कामाचा. गोंधळ माजतो तो दोन कामांच्या मधल्या वेळात: वह्या वाटताना, फळा पुसताना, खिचडी खाऊन मुलं एकेक करून आत येतात तेव्हा.

म्हणून माझी सगळी तयारी त्या मधल्या वेळाची. वह्या मी वाटत नाही. प्रत्येक रांगेतल्या शेवटच्या मुलाने गठ्ठा घ्यायचा, आपली वही काढून बाकीच्या पुढे सरकवायच्या. तोवर फळ्यावर पहिलं गणित लिहून झालेलं असतं, त्यामुळे वही मिळालेलं मूल रिकामं राहत नाही. खिचडीनंतर फळ्यावर कोडं तयार असतं. जो आधी येईल त्याने आधी सोडवायला घ्यायचं. हे सगळं जूनमध्ये शिकवावं लागतं, पाढ्यांसारखं, परत परत. पुस्तक मागे पडतं म्हणून नवे शिक्षक धास्तावतात. पडू द्यावं, पुढे भरून निघतं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेकब कूनिन यांनी वर्गांच्या चित्रफिती घेऊन शिस्तीचा अभ्यास केला. १९७०च्या त्यांच्या पुस्तकातला निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो: चांगला चालणारा आणि विस्कटलेला वर्ग, दोन्हींकडचे शिक्षक रागवायचे साधारण सारखेच. फरक होता तो सगळ्या वर्गावर लक्ष असण्यात आणि मुलांना एका कामातून दुसऱ्यात अलगद नेण्यात.

लक्ष ठेवायचं तर फळ्यावर लिहितानाही वर्गाकडे पूर्ण पाठ करू नये. मी तिरकी उभी राहते. कोपऱ्यात पट्टीवरून ओढाओढ सुरू झाली की शिकवता शिकवताच तिथे जाऊन उभी राहते. नाव पुकारलं तर अख्ख्या वर्गाच्या माना वळतात आणि गणित राहतं बाजूला.

‘छडी गेली, धाक गेला’ ही तक्रार मला मुळीच पटत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली, हे फार चांगलं झालं. धाकातलं मूल ‘बाई, कळलं नाही’ असं म्हणतच नाही, आणि न कळलेलं मूलच पुढे वर्गात खोड्या काढतं.

ऊसतोडीला गेलेल्या घरांतली मुलं मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्यांना वर्गाच्या या सवयी ठाऊक नसतात. ती मधेच उठतात, कुठेही बसतात. त्यांना रागवू नये. त्यांच्यासाठी जूनचे धडे नव्याने घ्यावेत, तेही वर्गातल्या मुलांकडून. मुलं ते माझ्याहून कमी शब्दांत शिकवतात.