शून्यं मांडायचे दिवस

आजच्या मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही, पण नव्वदीच्या सुरुवातीला ग्राफमध्ये, म्हणजे नोड्स आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांच्या जाळ्यात, पॅटर्न शोधायचा तर आम्ही आधी पेन्सिल घ्यायचो. ग्राफ रीरायटिंगचं काम ऐकायला साधं आहे. नियमाची डावी बाजू ग्राफमध्ये कुठे बसते ते शोधा, तिथे उजवी बाजू बसवा. कंपायलर 'एक्स गुणिले २' काढून 'एक्स अधिक एक्स' टाकतो, तसं. बसवणं चुटकीसरशी होतं. वेळ खातं ते शोधणं.

आमची सगळी भिस्त उलमन यांच्या १९७६च्या शोधनिबंधावर. हाती यायची ती झेरॉक्सची झेरॉक्स, खालचे निर्देशांक अंदाजानेच वाचायचे. पद्धत मात्र लख्ख होती. तक्ता आखायचा, आडव्या ओळी नियमातल्या नोड्सच्या, उभे रकाने ग्राफमधल्या. जोडी जमण्याजोगी असेल तिथे १, नाहीतर ०. मग एकेक १ धरून विचारायचं, नियमातल्या या नोडच्या प्रत्येक शेजाऱ्याला समोरच्या नोडच्या शेजारात जागा आहे का? नसेल तर १चा ० करा. एक गेला की त्याच्या भरवशावरचा दुसरा जातो, मग तिसरा. अख्खी ओळ शून्यांची झाली की ती वाट बंद, मागे फिरा. डॉसच्या ६४० केबीत हा तक्ता मावला तर नशीब. मोठा ग्राफ असला की प्रोग्रॅम लावून सरळ घरी जायचं.

आता पायथॉनमध्ये नेटवर्कएक्स घेतलं की दोन-चार ओळींत काम होतं. आत व्हीएफ२ नावाचं अल्गोरिदम चालतं. ते असा तक्ता बाळगत नाही, जमलेल्या तुकड्याला शेजारचा एकेक नोड जोडत जातं. कार्ल्सरुहेचं जीआरजेन हे साधन तर समोरचा ग्राफ पाहून शोधाचा क्रम स्वतःच ठरवतं. गंमत रीटे या अल्गोरिदमची. चार्ल्स फॉर्गी यांनी ते कार्नेगी मेलनमध्ये सत्तरच्या दशकातच मांडलं होतं: अर्धवट जमलेलं लक्षात ठेवा आणि बदललं तेवढंच पुन्हा तपासा. आमच्याकडे लक्षात ठेवायला मेमरीच नव्हती. आज ती स्वस्त आहे, आणि बुडापेस्टच्या व्हिआत्रासारख्या साधनांत तीच जुनी कल्पना जोमात आहे.

मला त्या रखडण्याचं मुळीच कौतुक नाही. पण तक्ता हाताने भरताना ग्राफ तोंडपाठ व्हायचा, हेही खरं. आता नियम रखडला की मुलं मोठा सर्व्हर मागतात. नियम कितीही मोठा असो, ग्राफ कोणताही असो, झटपट उत्तर देईल अशी पद्धत आजही कुणाकडे नाही. स्टीफन कुक यांनी १९७१मध्येच हा प्रश्न एनपी-कम्प्लीट असल्याचं दाखवलं होतं. तेव्हा सर्व्हर मागण्याआधी एवढं बघा, शोध कुठल्या नोडपासून सुरू होतोय? पानोपानी सापडणाऱ्या बेरजेच्या नोडपासून होत असेल, तर तो क्वचित दिसणाऱ्या नोडपासून सुरू करा.