पिठी

तांदळाच्या पिठीत गव्हाचा चिवटपणा नसतो. गार पाण्यात भिजवून लाटायला घेतली की कडा फाटतात. तिला उकळतं पाणी लागतं. त्या उष्णतेत पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि मग ती हवा तो आकार धरते. किनाऱ्यावरच्या बायकांनी या पिठीतून काय काय घडवून ठेवलंय, ते मला नवी मुंबईतल्या बेलापुरात कळलं.

आम्ही नगरकडचे. भाकरी म्हणजे ज्वारीची, नाहीतर बाजरीची. भात सणाला किंवा पाहुणा आला तर. वडिलांची कोकण भवनात बदली झाली आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आम्ही बेलापूरच्या सीबीडीत, सेक्टर आठच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये आलो. वास्तुविशारद चार्ल्स कोरिआंनी नवी मुंबई उभारणाऱ्या सिडकोसाठी आखलेली ही वसाहत. एका छोट्या अंगणाभोवती सात घरं, आणि कुणाचीही भिंत दुसऱ्याच्या भिंतीला लागून नाही, म्हणजे कुटुंब वाढेल तसं घर वाढवता यावं. पुढे लोकांनी ती पाडून मजले चढवले, पण मला कोरिआंचं ऋण वाटतं ते अंगणासाठी. समोरच्या घरात काय शिजतंय, ते दार न वाजवताच कळायचं.

समोर मल्याळी बाई राहायच्या. सगळेच त्यांना चेची, म्हणजे ताई, म्हणत. त्यांची पिठी जाडसर आणि भाजलेली असे. तिच्यावर मिठाचं पाणी शिंपडून त्या बोटांनी चोळत राहायच्या. मुठीत दाबली की गोळा व्हावी आणि अंगठ्याने ढकलली की मोडावी, इतपतच ओली. मग पुट्टूच्या नळकांड्यात थोडं ओलं खोबरं, वर पिठी, पुन्हा खोबरं. दाबायचं नाही, दाबलं की वाफ वर चढत नाही. वाफ आली की काठीने ढकलून ताटात, सोबत काळ्या चण्यांची कडला करी. आईचा सगळा जन्म ज्वारीच्या पिठात गेलेला. एकदा तिने न राहवून परातीत हात घातला, पीठ चाचपलं. चेची म्हणाल्या, "दीदी, थोडा पानी और." त्या दिवसापासून दोघींचं जमलं.

मासळी घेऊन यायची ती शहाबाज गावातली आगरी मावशी. ती माल दिवाळ्याच्या कोळीवाड्यातून उचलायची. तिच्या घरी मी तांदळाची भाकरी पहिल्यांदा नीट पाहिली. उकड गरम असतानाच मळायची, पाण्याचा हात लावायचा आणि गोळा दोन तळव्यांत फिरवत फिरवत मोठा करायचा. पोळपाट नाही, परातही नाही. तव्यावर पडली की वरून पाणी फिरवायचं. सोबत जवळ्याचं सुकं. भाकरी इतकी मऊ, की सकाळची दुपारी खाल्ली तरी घास मोडायला जोर लागू नये.

तो तांदूळ मात्र दुकानातला होता. आमचं शहर उभं राहिलं ते या गावांच्या भातखाचरांवर आणि मिठागरांवर. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात शहरासाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी जे आंदोलन झालं, त्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना त्या रक्तातून आली. मावशी हे सगळं मला भाकरी थापता थापता सांगायची, आवाज न चढवता. ज्यांची शेती गेली त्यांच्याच चुलीपाशी मी पोटभर जेवत होते. बेलापूरबद्दल बोलताना हे वगळून बोलणं मला जमत नाही.

नव्वदच्या दशकात कोकण रेल्वेच्या कचेरीमुळे आणखी माणसं आली. रत्नागिरीच्या वहिनींनी मला मोदकाची पारी करायला शिकवलं, कारवारकडच्या काकूंनी घावन घालायला. कॉलेजातली बंगाली मैत्रीण पौष संक्रांतीला खजुराच्या गुळाची पाटीसापटा, म्हणजे पिठीची गोड धिरडी, आणायची, मी तिला तीळगूळ द्यायचे.

चेची आता त्रिशूरला असतात. आई गावी परतताना त्यांचं जुनं नळकांडं घेऊन गेली आणि एका थंडीत तिने त्यात ज्वारीचा पुट्टू केला, मेथीच्या पातळ भाजीबरोबर. मी फोनवर चेचींना सांगितलं, तर त्यांनी आधी विचारलं, पीठ भाजलं होतं का? मग म्हणाल्या, ज्वारी कोरडी, तिला खोबरं जास्त घाल म्हणावं, आणि मला दोन किलो पीठ पाठव. सेक्टरातल्या गिरणीवाल्याला मी डबा देऊन आले आहे. जाडसर दळ, असं सांगितलंय.